थ्रिफ्ट स्टोअरमधून बेकिंगचे साहित्य घेताना या चुका टाळा

अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या घरात ओव्हन बहुधा असतोच. पण केक किंवा पाव करायचा म्हटले की साचे, भांडी आणि मिक्सर यांचा खर्च पुढे उभा राहतो. म्हणून आपली अनेक मराठी कुटुंबे गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांकडे वळतात. तिथे उत्तम वस्तू मिळतात, यात शंका नाही. मात्र नवखा ग्राहक पुष्कळदा उलटी निवड करतो: गंज चढलेली पण पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी वस्तू फळीवरच ठेवतो आणि चकचकीत दिसणारी, पण कधीच दुरुस्त होणार नाही अशी वस्तू घरी आणतो. कोणता दोष निघतो आणि कोणता निघत नाही, हे आधी ओळखता आले पाहिजे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे बिडाची भांडी. गंज घासून काढता येतो, तेलाचा नवा थर चढवता येतो. पण तडा गेलेले किंवा बूड वाकलेले बीड सरळ होत नाही. भांडे सपाट फळीवर ठेवून डोलते का ते पाहावे, मग बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकावा. अखंड बीड घणघणते, तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो. शाकाहारी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत जुन्या बिडावरचा काळा थर अनेकदा डुकराच्या चरबीने चढवलेला असतो आणि केवळ साबणाने धुऊन तो जात नाही. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर फवारून भांडे एक-दोन दिवस प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवले, की थर सुटतो आणि मग आपल्या तेलाने नव्याने सुरुवात करता येते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि हा उपाय ॲल्युमिनियमच्या साच्यावर कदापि करू नये, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. काही जुन्या बिडाच्या भांड्यांत पूर्वी शिसे वितळवलेले असते. भांड्याचा पूर्वेतिहास आपल्याला कळत नाही, म्हणून शिसे तपासण्याचा संच वापरून पाहणे शहाणपणाचे.

काचेच्या भांड्यांबाबत एक समजूत फार पसरली आहे, ती म्हणजे इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘पायरेक्स’ लिहिलेले भांडे जुने, बोरोसिलिकेट काचेचे (म्हणजे तापमानातला एकाएकी बदल अधिक सोसणाऱ्या काचेचे) आणि म्हणून निर्धोक. कॉर्निंग कंपनीने 1915 साली पायरेक्स बाजारात आणले तेव्हा ती काच बोरोसिलिकेट होती, हे खरे. परंतु पुढे त्याच कंपनीने सोडा-लाइम, म्हणजे साधी नेहमीची काचही वापरली, त्यामुळे केवळ अक्षरांवरून खात्री देता येत नाही. सोडा-लाइमची कणखर केलेली काच आपटण्याला अधिक टिकते, पण तापमानातल्या एकाएकी बदलाला कमी. फ्रिजमधले भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नये. काच कोणतीही असली तरी हा नियम पाळावा. दुकानात भांडे उजेडाकडे धरून काठावरून बोट फिरवावे. टवका उडालेला किंवा खोल ओरखडा असला, तर किंमत एक डॉलर असली तरी ते भांडे मी घेत नाही.

आता स्टँड मिक्सर, म्हणजे केकचे मिश्रण फेटणारे आणि कणीक मळणारे यंत्र, कारण मोठी रक्कम इथेच वाया जाते. पहिली चूक म्हणजे मिक्सर न चालवता घेणे. दुकानात प्लग लावून सर्वांत कमी गतीपासून सर्वांत जास्त गतीपर्यंत एकेक टप्पा ऐकावा. खरखर किंवा जळका वास आला तर तिथेच थांबावे. वायरचे आवरण तडकले आहे का, हेही पाहावे. दुसरी चूक मात्र याच्या उलट आहे: किचनएडच्या जुन्या मिक्सरच्या दांड्यावर तेल उतरलेले पाहून लोक तो सोडून देतात. यंत्र बराच काळ वापरात नसले की आतल्या वंगणातून तेल सुटते, आणि वंगण बदलले की हा दोष जातो. 1986 साली व्हर्लपूलने किचनएड घेण्यापूर्वी हे मिक्सर हॉबार्ट कंपनी बनवत असे. असा जुना हॉबार्ट मिक्सर केवळ तेलासाठी नाकारणे मला मान्य नाही. तिसरी चूक पातेल्याची. डोके वर उचलल्या जाणाऱ्या मिक्सरचे पातेले तळाशी फिरवून बसते, तर पातेले वर उचलल्या जाणाऱ्या मिक्सरच्या पातेल्याला दोन्ही बाजूंना कान असतात. एकाचे दुसऱ्याला बसत नाही. पातेले, फेटणी आणि कणीक मळण्याचा आकडा स्वतंत्रपणे विकत घ्यावे लागले, तर स्वस्तात मिळालेला मिक्सर स्वस्त राहत नाही.

पाव करण्याच्या यंत्राबाबत हीच चूक मी स्वतः केली. आतले पाते नव्हते, ते घरी आल्यावर लक्षात आले, आणि त्या जुन्या मॉडेलचे पाते मला कुठेच मिळाले नाही. आता मी यंत्राचे झाकण उघडून प्रत्येक भाग मोजल्याशिवाय पैसे देत नाही.

कडी उघडणाऱ्या केकच्या साच्यात दुसऱ्याच साच्याचे बूड ठेवलेले आढळते. कडी लावून हलवून पाहावे आणि बूड निसटले तर साचा परत ठेवावा. नॉनस्टिकचा थर सोलवटलेला असेल तर तो साचाही घेऊ नये.

मापपट्टी जवळ असावी. आठ इंची गोल साच्याचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस इंच, तर नऊ इंचीचे सुमारे 64. फरक चौथाईहून जास्त आहे, आणि आठ इंचीसाठी लिहिलेला केक नऊ इंची साच्यात पातळ होऊन लवकर कोरडा पडतो. मोजमाप आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत घ्यावे. मापाच्या कपांवरही लक्ष असू द्यावे, कारण अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा असतो, तर मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा.

विजेच्या यंत्राचा मॉडेल क्रमांक अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावा. दोषामुळे बाजारातून परत मागवलेली वस्तू विकणे बेकायदा असले, तरी दान आलेल्या ढिगात ती नजरेतून सुटू शकते. वस्तू परत घेण्याचे नियम गुडविलच्या प्रत्येक स्थानिक संस्थेचे वेगळे असल्यामुळे तेही पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावेत.

शेवटची चूक भारतात परतणाऱ्यांची. अमेरिकी मिक्सर 120 व्होल्टवर चालतो; पुण्यातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो तसाच लावला, तर मोटार जळू शकते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मोटारीच्या वॉटपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो आणि तो फक्त व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता नव्हे; ती अमेरिकेत 60 हर्ट्झ, तर भारतात 50 हर्ट्झ असते. त्यातच मिक्सरचे वजन दहा किलोंच्या आसपास असते. सामानाच्या मर्यादेतले तेवढे किलो बिडाच्या भांड्यांसाठी आणि चांगल्या साच्यांसाठी राखावेत. त्यांना वीज लागत नाही.