टाहो तळ्याकाठी केबिन असेल तर उन्हाळ्याआधी एवढं करा

"स्की रिसॉर्टच्या शेजारी घर, त्यांच्याकडे बर्फ पाडायच्या तोफा, आपल्याला वणव्याची कसली भीती?" असं आमचे सॅन होजेचे भावोजी दर उन्हाळ्यात म्हणतात. कॅल्डोरचा वणवा १४ ऑगस्ट २०२१ ला कॅलिफोर्नियातल्या ग्रिझली फ्लॅट्सजवळ लागला आणि पंधरवड्यात सिएरा-ॲट-टाहो या स्की रिसॉर्टच्या उतारांवर चढला. त्यांनी तोफांतून पाणी फवारून मुख्य लॉज राखला खरा, पण जंगल जळालं आणि पुढचा जवळजवळ अख्खा हंगाम बुडाला. तुमच्या केबिनला तोफ नाही, फार तर बागेचा पाइप असेल.

घर बहुतेकदा पेटतं ते वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. त्यामुळे बर्फ वितळला की आधी शिडी काढा. जेफ्री पाइनच्या वीतभर लांब सुया पन्हळीत आणि छपराचे दोन उतार मिळतात त्या खाचेत गच्च बसतात. वरून वाळलेल्या, खाली ओल्या. ब्लोअरने वरच्याच उडतात, खालच्या हातमोजे घालून उपसाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्याही महागड्या फवाऱ्यापेक्षा माझा यावर भरवसा जास्त. भिंतीपासून ५ फुटांत जळेल असं काही नको: झुडूप नको, लाकडाचा भुसा नको, कोकणातून कौतुकाने आणलेलं काथ्याचं पायपुसणंही नको. डेकखाली रचलेलं जळण ३० फूट लांब न्या. माळ्याच्या झरोक्यांना १/८ इंची धातूची जाळी ठोका.

आता निघायचं. 'वॉर्निंग', म्हणजे घर सोडायला तयार राहा अशी सरकारी सूचना, आली की सामान गाडीत, आणि घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा कुत्रा-मांजर असेल तर लगेच निघा. 'ऑर्डर'ची, म्हणजे ताबडतोब घर सोडायच्या हुकुमाची, वाट बघू नका. ३० ऑगस्ट २०२१ ला साउथ लेक टाहोला ऑर्डर आली तेव्हा पश्चिमेकडचा हायवे ५० बंद होता. सगळं गाव नेवाडाच्या दिशेने निघालं आणि गाड्या तासन्‌तास जागच्या हलेनात. म्हणून टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका आणि नेवाडाकडे उतरणारा किंग्सबरी ग्रेडचा घाट एकदा दिवसाउजेडी उतरून पाहा. फोनवर वणव्यांची खबर देणारं वॉच ड्यूटी ॲप ठेवा.

पिशवीत पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), आईच्या बीपीच्या गोळ्या, एन-९५ मास्क. देव्हारा राहू दे, देव घ्या.

निघताना गॅस बंद, खिडक्या बंद, पडदे काढलेले. दिवे चालू ठेवा, म्हणजे धुरातही जवानांना घर दिसेल. पाइप नळाला जोडून ठेवा पण पाणी सोडून जाऊ नका, त्यांच्या बंबांचा दाब कमी होतो. वीज गेल्यावर गॅरेजचं दार उघडायची लाल दोरी कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला आजच दाखवा.

परतल्यावर राख कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा. आणि वीज बरेच दिवस गेलेली असेल, तर फ्रिज न उघडताच अंगणात काढा.