बर्म बांधताय? मग या चुका टाळा

जुलै लागला की मला ठरावीक फोटो यायला लागतात. वळणाच्या पोटात गढूळ पाणी, त्यात अर्धं बुडालेलं चाक आणि खाली प्रश्न: "दादा, वरून मुरूम टाकला तर चालेल का?" नाही चालणार. मुरूम टाकलात तर तळ्याचा चिखल होईल, बाकी काही नाही. दुखणं वळणात नसतंच, ते वळणाच्या दहा पावलं वर असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बर्म म्हणजे माउंटन बाइकच्या ट्रेलवर वळणाच्या बाहेरच्या बाजूला घातलेला, आतल्या अंगाला कललेला मातीचा भराव. चाकाला टेकू मिळतो, ब्रेक न दाबता वळता येतं, मजा येते. त्यामुळे मावळ-मुळशीकडे ज्याची म्हणून थोडी उताराची जागा आहे, तो पहिल्याच शनिवारी बर्म घालायला घेतो. व्हिडिओ पाहिलेला असतो कॅनडातल्या व्हिसलरच्या बाइक पार्कचा आणि पाऊस असतो आपला. पुणे शहरात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर, तिथून साठेक किलोमीटरवर लोणावळ्यात ४,००० च्या पुढे, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

पाण्याची वाट अडवून बर्म घालणं

डोंगरउतारावरचा साधा ट्रेल दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवतात, साधारण ५ टक्के. पाणी ट्रेल ओलांडतं आणि खाली निघून जातं. बर्म घातला की हा कल उलटा होतो. वरच्या पट्ट्यावरून पळत आलेलं पाणी दरीकडे जायला बघतं आणि नेमकं तिथंच तुम्ही मीटरभर उंच बांध घालून ठेवलेला असतो. शेतात बांध घालणारा माणूस आधी सांडवा कुठं काढायचा ते ठरवतो. सायकलवाला आधी फोटो कुठून काढायचा ते ठरवतो.

मुळशीकडच्या एका खासगी जागेवरची गोष्ट सांगतो. चार उत्साही पोरांनी मे महिन्यात सलग वळणं काढली. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. मजुरीला आलेल्या शेजारच्या वाडीतल्या काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पाणी कुठनं काढणार?" पोरं म्हणाली, "काका, हा सायकलचा ट्रॅक आहे." काका गप्प बसले आणि घमेली वाहत राहिले.

पाऊस सुरू झाला तसं तिसऱ्या वळणात घोट्याएवढं पाणी साचलं. मग गुडघ्याखालपर्यंत आलं. मग शेजाऱ्याची म्हैस त्यात बसायला लागली. आता काय करायचं? पोरांनी कुदळ घेतली आणि बर्मच्या बरोबर मध्यात वीतभर रुंदीची चीर पाडली, म्हणजे पाणी निघून जाईल. पाणी गेलं की. त्या रात्री पाऊस लागून राहिला आणि सकाळपर्यंत त्या चिरेत माणूस आडवा झोपेल एवढं खिंडार पडलं होतं. बर्मचा मुरूम खालच्या भातखाचरात जाऊन बसला होता, आणि खाचरात नुकतीच लावणी झाली होती. शेतकऱ्याने काय ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. नुकसानभरपाई द्यावी लागली, ती बर्मच्या खर्चापेक्षा जास्त होती.

मी गेलो तेव्हा मालकांचा संशय खेकड्यांवर होता. महाराष्ट्रात भराव फुटला की खेकडे आठवतातच. चिरेच्या कडेला दोन-चार बिळं होतीही. पण खेकडा बिळ करतो ते पाणी धरून ठेवलेल्या मातीत. पाणी आधी आलं, खेकडा मागून.

मला दोन गोष्टी सापडल्या. एक, वरचा सरळ पट्टा चाळीस-पन्नास मीटर लांब आणि त्यावर पाणी बाहेर पडायला एकही जागा नाही. सगळा पट्टा पन्हाळीसारखा थेट वळणात ओतत होता. दुसरी गोष्ट जास्त चीड आणणारी. बर्मसाठी लागणारी माती त्यांनी बर्मच्या समोरूनच खणली होती. जवळ पडते, वाहावी लागत नाही! त्यामुळे वळणाच्या मध्यावर, जिथं रायडर सर्वांत जास्त कललेला असतो तिथंच, ट्रेलचा सर्वांत खोल भाग तयार झाला होता. अशा ठिकाणी पाणी साचणार नाही तर काय होणार?

आता उपाय. बर्म सुरू होण्याच्या पाच ते आठ मीटर आधी ट्रेल थोडा खाली न्या आणि पुन्हा वर चढवा. यालाच रोलिंग डिप म्हणतात. चार-पाच मीटर लांबीत वीतभर, फार तर ३० सेंटिमीटर खोली पुरते. चाकाखाली ती जाणवतसुद्धा नाही. चढाचा छोटा उंचवटा उलट ब्रेकचं काम थोडं हलकं करतो. या खळग्याच्या तळाशी दरीच्या बाजूला पाण्याची वाट मोकळी ठेवा आणि ती मीटरभर तरी रुंद हवी. हातभर रुंदीची वाट सागाच्या दोन पानांनी बुजते, पाहिलंय. पाणी जिथं पडणार तिथं दगडगोटे अंथरा, नाहीतर तिथून घळ पडत पडत ट्रेलपर्यंत येते.

एवढं केल्यावर बर्ममध्ये फक्त त्याच्या अंगावर पडलेलं पाणी उरतं. ते कललेल्या अंगावरून पायथ्याशी उतरतं. पायथा एंट्रीपासून एक्झिटपर्यंत सतत ३ ते ५ टक्के उतरता असला की ते वळण घेत घेत बाहेर पडतं, आणि बर्म संपला की लगेच त्याला दरीकडे काढून द्यायचं. मध्ये कुठंही सपाटी नको. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, उतारावर डोळा हमखास फसवतो. गवंड्याकडची पाण्याची नळी वापरा, पाणलोटाच्या कामातली ए-फ्रेम (पातळी बघायची इंग्रजी A च्या आकाराची चौकट) वापरा, किंवा सरळ दोन बादल्या पाणी ओता आणि बघत बसा. मी बादलीवाला आहे. पाणी जिथं थबकतं तिथं फावड्याने रेघ मारायची आणि तेवढंच तासायचं.

डोंगराच्या अंगाकडून वळणात येणारं पाणी हा वेगळा विषय. त्याला वरच्या बाजूला चर खणून बाजूला वळवा. बर्मला त्याच्याशी लढायला लावू नका.

पाइप? बर्मखालून ४ इंची पीव्हीसी पाइप टाकणारे मला दरवर्षी भेटतात. पहिल्या पंधरा दिवसांत पाला आणि मुरूम मिळून त्याचं तोंड बुजवतात, आणि मग तुमच्याकडे तळंही असतं आणि बर्मच्या पोटात एक पोकळ जागाही असते. जागाच अशी असेल की दुसरा इलाज नाही, तर फूटभर व्यासाचा सिमेंट पाइप, चांगला उतार, दोन्ही तोंडांना दगडांचं पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, आणि दर मोठ्या पावसानंतर हात घालून साफ करायची तयारी. तयारी नसेल तर त्या जागी बर्म घालू नका. सपाट वळणानेही मरत नाही कोणी.

हाताला लागेल ती माती आणि वरवरचं धुमसणं

काळी माती बर्मला वापरू नका. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पुढच्या पावसात पाणी त्या भेगांतून थेट पोटात उतरतं. नुसता मुरूमही नको. त्याला बांधून ठेवणारं काही नसतं, उन्हाळ्यात पृष्ठभागावर नुसते खडे सुटतात आणि पुढचं चाक सरकतं. मी तीन-चार घमेली मुरमाला एक घमेलं लाल चिकण माती घेतो. जागेवरची माती कशी आहे ते कळायला काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळ त्यावर काही तासांत, चिकणमाती सर्वांत शेवटी. थर डोळ्यांनी मोजता येतात.

पालापाचोळा, मुळं, गवताची ढेकळं आत गेली तर ती कुजणार आणि तिथं पोकळी होणार. तीच गत लाकडाच्या ओंडक्यांची. माती वाचवायला पोटात ओंडके भरायचे हा परदेशी व्हिडिओत दिसणारा शॉर्टकट आपल्याकडे वाळवीच्या पथ्यावर पडतो. पोट भरायचं तर दगडांनी भरा आणि दगडांच्या फटी मातीने ठासून भरा.

आणि धुमसणं, म्हणजे धुमुसाने माती ठोकून घट्ट करणं. इथं सगळ्यांना घाई असते. मीटरभर उंचीचा ढीग ओतायचा, फावड्याच्या पाठीने थोपटायचा आणि संध्याकाळी त्यावर सायकल घालायची. वरची चार बोटं घट्ट होतात, आतला भराव ढिलाच राहतो. पहिल्या जोराच्या पावसात अख्खं अंग खाली बसतं. धुमसायचं ते १० ते १५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर वेगळा, धुमुसाचा आवाज बदलेपर्यंत. सुरुवातीला 'भद्द' येतो, शेवटी 'टण्ण' येतो. कान देऊन काम करणाऱ्या गड्याला हे सांगावं लागत नाही.

ओल किती हवी? मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर पाणी शिंपडा. हाताला चिखल लागला तर घरी जा, उद्या या.

किती माती लागते याचाही अंदाज कोणाला नसतो. मीटरभर उंच, तळाला ३ मीटर रुंद आणि ८ मीटर लांब बर्म म्हणजे १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचार ब्रास. धुमसून बसते ते धरलं तर पाच-साडेपाच ब्रास मागवा. हा हिशोब ऐकला की निम्मे लोक तळ अरुंद करतात आणि पाठ, म्हणजे बर्मची बाहेरची बाजू, उभी ठेवतात. मग पाठ ढासळते. पाठीला निदान दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर उभं) उतार द्या आणि पहिल्या पावसाआधी हरळी लावा. समोरचं अंग मात्र मोकळं ठेवा, तिथं गवत नको.

बाकीच्या, थोडक्यात

बर्म उशिरा सुरू करणं आणि लवकर संपवणं. वळणाची गरज संपायच्या आत टेकू संपला की रायडर कडेवरून उडतो. शंका असेल तर एक्झिटला दीड-दोन मीटर जास्त चालवा.

वेग न बघता बर्मच्या अंगाचा कोन ठरवणं. ४ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १५ किलोमीटरला सुमारे २४ अंश पुरतात, २० ला ३८ लागतात, २५ ला ५१. टायरलाही पकड असते, त्यामुळे थोडं कमी चालतं. पण चढावरून धापा टाकत येणाऱ्या वळणावर भिंत उभी करण्यात काहीच अर्थ नाही. हळू जाणारा त्यावरून आत घसरतो. आधी वळण सपाट आखा, काही दिवस चालवा, चाकांची रेघ कुठं पडते ते बघा.

वरून सिमेंट ओतणं. नको. कोटिंग तडकतं, खालून माती वाहून जाते आणि कवटी तेवढी उरते.

मे महिन्यात बांधणं. माती कोरडी ठणठणीत, टँकरचं पाणी विकत, आणि बर्मला मुरायला वेळ न मिळता थेट पाऊस. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा आपला हंगाम. जमिनीत ओल असते, कुदळ चालते, आणि मधले सात महिने चालवून चालवून बर्म घट्ट होतो. पण सायकल घेतल्यापासून आठवड्यात सगळं पाहिजे असणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

परवानगी न घेता टेकडीवर किंवा वनखात्याच्या जागेत खणणं. यावर चर्चा नाही.

ओल्या बर्मवरून चालवणं. टायरने पाडलेली चाकोरी पुढच्या सरीला पन्हाळ होते. पाऊस थांबल्यावर पृष्ठभागाची चमक जाईपर्यंत थांबा. मुरमाच्या मिश्रणाला बहुधा एक-दोन दिवस पुरतात. मी पावसाळ्यात ट्रेलच्या तोंडाला दोरी बांधतो आणि पाटी लावतो. म्हशींना पाटी वाचता येत नाही, म्हणून बर्मच्या कडेला बाभळीच्या चार फांद्याही टाकतो. त्या सायकल सुरू करायच्या आधी उचला, काटे मोजून.