संध्याकाळ झाली की बटणांवरची चित्रं गायब! (माझा अनुभव)
सांगली मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात जुना सी प्लस प्लसमधला बिलिंगचा प्रोग्राम आहे, सकाळी मस्त चालतो पण सौद्याच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बटणांवरची चित्रं जायची आणि मग विंडोच अर्धवट दिसायची. दिवाणजी म्हणाले, "बंद करून चालू केलं की हुतंय बगा नीट." तिथंच लीकचा संशय आला, म्हणजे प्रोग्राम विंडोजकडून काहीतरी घेतोय आणि परत देत नाही.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा (प्रोग्रामनं चित्रं काढायला विंडोजकडून घेतलेल्या वस्तूंचा) कॉलम लावला, तर विंडो नुसती खालीवर केली तरी आकडा चढतोय आणि उतरायचं नाव नाही. विंडोजमध्ये एका प्रोसेसला साधारण १०,००० ची मर्यादा असते, ती भरली की नवीन बिटमॅप (बटणावरचं चित्र) मिळतच नाही. कोड उघडला तर पेंट मेसेजमध्येच (विंडो रंगवायला सांगणारा विंडोजचा निरोप) चित्र आणणारं लोडबिटमॅप, म्हणजे स्क्रीन रंगली की नवीन हँडल (त्या चित्राचा क्रमांक), आणि ते परत करणारं डिलीटऑब्जेक्ट कुठंच नाही!

मग सगळे बिटमॅप विंडो तयार होतानाच एकदा लोड केले, बंद होताना डिलीट. रंगवून झाल्यावर सिलेक्टऑब्जेक्टनं जुना बिटमॅप डीसीत (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, ज्याच्यावर चित्र काढतात तो) परत ठेवायला विसरू नका, नाहीतर डिलीटऑब्जेक्ट फेल होतं आणि लीक तसाच.

जाता जाता टायटल बारचा धुरकट आयकॉनपण सुधारला. लोडआयकॉन मोठ्या साइजचाच देतं, साधारण ३२ बाय ३२, तो टायटल बारमध्ये लहान करून धुरकट दिसायचा, म्हणून लोडइमेज वापरून १६ बाय १६ चा वेगळा मागितला. आता जीडीआयचा आकडा हलत नाही, दिवाणजी मात्र सवयीनं अजून दुपारी एकदा बंद-चालू करतातच.