जुन्या लष्करी गणवेशावरचे बिल्ले आणि टॅब कसे ओळखावेत, पडताळावेत आणि जपावेत

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या सैन्यात गेल्या, त्या घरांच्या माळ्यावर नाव आणि नंबर रंगवलेली काळी ट्रंक बहुधा असतेच. तिच्यातील गणवेशावर पदकांच्या फितींखेरीज कापडी टॅब (अक्षरे विणलेल्या छोट्या पट्ट्या), पंखांचे किंवा खंजिराचे बिल्लेही सापडतात आणि ते पाहून आजोबा कमांडो होते, असा निष्कर्ष घरातील मंडळी उत्साहाने काढून मोकळी होतात. तो बरोबरही असू शकतो. मात्र गणवेशावर शिवलेले प्रत्येक चिन्ह सेनामुख्यालयाने मान्य केलेले असतेच असे नाही.

गणवेश हाती आल्यावर कोणतीही शिवण उसवण्यापूर्वी समोरून, मागून आणि अस्तराच्या बाजूने छायाचित्रे घ्यावीत, कारण बिल्ला कुठे लावला होता हाच त्याच्या ओळखीचा मोठा पुरावा असतो. भारतीय भूसेनेत छत्रीधारी (पॅराशूटने उतरणाऱ्या) सैनिकाचे पंख उजव्या छातीवर, नावपट्टीच्या वर असतात. कोकणातील घरात ते सापडणे नवलाचे नाही: 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिची दुसरी पलटण मराठा लाइट इन्फंट्रीतून आली होती, आणि 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेश युद्धात टांगाइलला पॅराशूटने उतरली ती हीच 2 पॅरा. पंख आहेत म्हणून माणूस स्पेशल फोर्सेसचा ठरत नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे. ‘बलिदान’ बिल्ला फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा असतो. 2019 च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसल्यापासून त्याच्या नकला बाजारात सर्रास मिळतात, म्हणून चकचकीत नवा बिल्ला जुन्या गणवेशावर दिसला तर आधी शंकाच घ्यावी.

अनधिकृत चिन्हांचा उगम समजून घेतला की निवाडा सोपा होतो. अनेकदा एखादे प्रशिक्षण केंद्र किंवा डिव्हिजन आपल्या हद्दीपुरता बिल्ला देते आणि बदली झाली की तो काढावा लागतो. अमेरिकेच्या भूसेनेत रेंजर, स्पेशल फोर्सेस, सॅपर आणि प्रेसिडेंट्स हंड्रेड हे कौशल्यदर्शक टॅब सैनिकाला कायमचे मिळतात. याउलट व्हिएतनाम युद्धाच्या काळातील बाणाग्राच्या आकाराचा ‘रेकोंडो’ हा टेहळणी प्रशिक्षणाचा बिल्ला स्थानिक परवानगीवर खिशावर झळकत असे, आणि ते प्रशिक्षण अत्यंत खडतर असूनही त्याला तो कायमचा दर्जा नव्हता. चिन्ह अनौपचारिक आहे म्हणजे त्यामागचे कष्ट खोटे आहेत, असे मुळीच नाही. काही टॅब मात्र छावणीच्या बाजारात हौसेने शिवून घेतलेले असतात, आणि शिंप्याची शिलाई पाहून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत.

त्यासाठी कागदच लागतो. सर्वप्रथम डिस्चार्ज बुक (सैन्य सोडताना मिळणारी सेवानोंदीची पुस्तिका) वाचावे आणि त्यासोबत कोर्सची प्रमाणपत्रे असल्यास ती पाहावीत. बेळगावचे कमांडो प्रशिक्षण, गुलमर्गचे अतिउंच प्रदेशातील युद्धाचे किंवा मिझोराममधील वैरेंगटे येथील जंगलयुद्धाचे प्रशिक्षण पूर्ण केले असेल तर त्याचा माग इथे लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. कागद गहाळ असल्यास सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि पलटण लिहून वारसाने संबंधित रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर. अर्ज कसा लिहावा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. गावातील त्याच पलटणीच्या निवृत्त सैनिकांना विचारावेच, पण त्यांचे सांगणे ‘ऐकीव माहिती’ म्हणून वेगळे नोंदवावे.

जतनाच्या बाबतीत कोकणची हवा मोठी वैरी आहे. दमट, खारट हवेत पितळी बिल्ल्यावर कळंक चढतो, जरीकाम काळे पडते आणि पिनेचा गंज कापड खातो. बिल्ला पॉलिशने घासू नये. मऊ कोरड्या कापडाने पुसून थांबावे. गंजलेली पिन हलक्या हाताने काढून बिल्ला वेगळ्या पुडीत, तो कुठून काढला याच्या चिठ्ठीसह ठेवावा. गणवेश धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते, तर डांबराच्या गोळ्या थेट कापडावर ठेवल्यास डाग पडतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पावसाळा सरल्यावर गणवेश सावलीत वारवावा आणि उन्हात मात्र टाकू नये, कारण टॅबवरचे रंग उडतात.

स्नेहसंमेलनात किंवा शिमग्याच्या सोंगात नातवाने तो गणवेश चढवू नये. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा असून तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गणवेश चौकटीत लावायचा असल्यास प्रत्येक चिन्हाखाली ‘नोंदीत आढळले’, ‘स्थानिक परवानगीचे’ किंवा ‘पुरावा मिळाला नाही’ यांपैकी एक शेरा लिहावा, आणि तिसऱ्या प्रकारातला टॅबही फेकून न देता त्याच चौकटीत ठेवावा.