दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रुग्णांतील सायनसची बुरशी : निदानात आणि उपचारात या चुका टाळा

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारा, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा मधुमेह हाताबाहेर गेलेला रुग्ण गाल दुखतो म्हणून येतो, तेव्हा त्याला अँटिबायोटिक देऊन आठवड्याने बोलावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. अशा रुग्णांत बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथे गुठळ्या होतात, ऊती मरू लागतात आणि काही दिवसांतच आजार डोळ्यापर्यंत व मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

दुसरी चूक म्हणजे काळ्या खपलीची वाट पाहणे. काळी असते ती मेलेली ऊती, बुरशी नव्हे. म्हणजे ती खपली दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. त्याआधी नाकातील त्वचा फिकट पडते, तिथे स्पर्श कळत नाही, खरवडल्यास रक्त येत नाही. गालाचा किंवा टाळूचा बधिरपणा, दुहेरी दिसणे, दात हलणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी दुर्बिणीने नाक तपासावे आणि संशय फिटेपर्यंत ती तपासणी पुन्हापुन्हा करावी.

सीटी स्कॅनमध्ये हाड शाबूत दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण हाड झिजणे हे उशिराचे लक्षण आहे. सुरुवातीला एका बाजूच्या अस्तराची सूजच दिसते. डोळ्याकडे किंवा मेंदूकडे प्रसार झाल्याची शंका असल्यास कॉन्ट्रास्टसह एमआरआय अधिक उपयोगी पडतो. बुरशी शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन चाचणीचेही तसेच आहे : ती एस्परजिलस या बुरशीसाठी आहे, म्युकर या दुसऱ्या बुरशीत ती नकारात्मकच येते.

निदान शेवटी बायोप्सीवरच ठरते आणि नेमका तिथेच हलगर्जीपणा होतो. काढलेला सगळा तुकडा फॉर्मलीनमध्ये टाकला की कल्चर (बुरशी वाढवून ओळखणे) होत नाही. म्हणून काही भाग सलाईनमध्ये, ताबडतोब आणि संशय स्पष्ट लिहून प्रयोगशाळेत पाठवावा. तो तिथे वाटून लगदा करू नये, बारीक कापावा, कारण म्युकरचे नाजूक तंतू वाटल्याने मरतात. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीत रुंद, जवळजवळ विनापडद्याचे (आतील आडव्या भिंती नसलेले) तंतू म्युकरकडे, तर अरुंद, पडदे असलेले आणि तिरप्या फांद्यांचे तंतू एस्परजिलसकडे बोट दाखवतात.

हा फरक औषधासाठी निर्णायक आहे. व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध एस्परजिलसवर उत्तम, पण म्युकरवर निष्प्रभ आहे. त्यामुळे म्युकरची शक्यता असेपर्यंत एकट्या त्याच्यावर विसंबू नये. लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध रोज किलोमागे किमान ५ मिलिग्रॅम, पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रेत द्यावे. हळूहळू मात्रा वाढवण्यात वेळ जातो. रक्ताच्या कर्करोगातील म्युकरच्या रुग्णांवरील २००८ च्या एका अभ्यासात अँफोटेरिसिनचा उपचार निदानानंतर ६ किंवा अधिक दिवसांनी सुरू झालेल्यांत १२ आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हे औषध सलाईनमध्ये मिसळू नये, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) वारंवार तपासावे.

रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतीत औषध पोचतच नाही. म्हणून रक्त येणारी निरोगी ऊती लागेपर्यंत शस्त्रक्रिया करावी लागते, कित्येकदा पुन्हाही. सोबत साखर आणि कीटोॲसिडोसिस (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणे) आटोक्यात आणणे, शक्य तेवढे स्टेरॉइड कमी करणे हेही उपचारच आहेत.

उलट दिशेची चूकही घडते : प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या रुग्णाच्या सायनसमधील बुरशीचा गोळा ऊतीत शिरलेला नसल्याचे बायोप्सीत दिसले, तर तो काढून टाकणे पुरेसे असते, तिथे अँफोटेरिसिन देऊन मूत्रपिंडे धोक्यात घालू नयेत.