परदेशी पार्टीची खातरजमा : या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीला किंवा चपलांच्या व्यापाऱ्याला बाहेरून चौकशी आली, की पार्टीकडूनच नोंदणीचं प्रमाणपत्र मागवलं जातं. पीडीएफ आली की तपासणी संपली! पण कागद पार्टीनेच पाठवला, तर तपासलं काय? प्रमाणपत्रावरचा फक्त क्रमांक घ्या आणि त्या देशाच्या नोंदणी दप्तरात स्वतः शोधा. ब्रिटनच्या ‘कंपनीज हाऊस’ या सरकारी नोंदणी दप्तराच्या वेबसाइटवर स्थापनेची तारीख, संचालक आणि भरलेले हिशेब फुकट दिसतात. चार महिन्यांची कंपनी दोन कंटेनरची ऑर्डर देत असेल, तर उधारीचं नावच काढू नका. युरोपीय संघातल्या पार्टीचा व्हॅट (विक्रीकर) क्रमांक ‘व्हीआयईएस’ या संघाच्या वेबसाइटवर तपासता येतो. अमेरिकेत मात्र नोंदणी राज्यवार असते, म्हणून आधी राज्य विचारा.

कंपनी खरी निघाली तरी लिहिणारा माणूस तिथलाच आहे, असं नाही. नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून ईमेलचं डोमेन घेणं अगदी सोपं. ईमेलखालचा नंबर फिरवू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून तिथल्या मुख्य नंबरवर या माणसाची आणि ऑर्डरची चौकशी करा.

तीस टक्के ॲडव्हान्स आला की आपण निर्धास्त होतो. पण ड्रॉइंगबरहुकूम ओतलेलं कास्टिंग दुसरा कोणी घेत नाही, हे पार्टीलाही ठाऊक असतं. कंटेनर बंदरात अडकवून ती भाव पाडून मागते, वर कंटेनर पडून राहिल्याचा रोजचा आकार, म्हणजे डेमरेज, चढत राहतं. तुर्कस्तानात तर माल परत आणायलाही मूळ आयातदाराची ना-हरकत लागते. तेव्हा ॲडव्हान्स ठरवताना जाण्या-येण्याचं भाडं आणि भंगाराच्या भावाने होणारा तोटा, दोन्ही धरा.

एलसीची (अटी पाळल्या तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी) प्रत थेट ईमेलवर आली तर तिच्यावर माल ओतायला घेऊ नका. खरी एलसी स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशयंत्रणेने, आपल्याकडच्या बँकेत येते, आणि यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिचा वरकरणी खरेपणा पाहणं ही कळवणाऱ्या बँकेची जबाबदारी असते. मग अटी वाचा. ‘खरेदीदाराच्या सहीचा तपासणी दाखला’ मागितला असेल, तर पैशाची किल्ली पुन्हा पार्टीच्याच हातात. ती अट काढून घ्या किंवा त्रयस्थ तपासणी संस्थेचा दाखला चालेल असं लिहून घ्या. एलसी उघडणारी बँक अनोळखी असेल तर आपल्या भरवशाच्या बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे पैशाची तिचीही हमी, मागा. त्याचा खर्च कोण देणार हे प्रोफॉर्मातच (ऑर्डरआधी द्यायच्या कच्च्या बिलात) लिहा.

उधारीवर माल द्यायचाच असेल तर ईसीजीसी या निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडे त्या खरेदीदाराची उधारीची मर्यादा मंजूर करून घ्या, तीही कंटेनर भरण्याआधी. मर्यादा कमी मिळाली किंवा नाकारली, तर ती पार्टीबद्दलची माहितीच समजा. मात्र ‘माल खराब आहे’ असा वाद पार्टीने घातला, तर त्याचा निकाल आपल्या बाजूने लागल्याशिवाय विम्याचा दावा सहसा मिळत नाही. म्हणून नमुना दोन्हीकडे सीलबंद ठेवा आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आकड्यांत लिहा.

मशीन आयात करणाऱ्यांनीही हेच पाहावं. ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला, तर जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. लाभार्थीचं नाव कंपनीचं आणि खातं तिसऱ्याच देशात, असं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.