‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ऐकायला जाण्याआधी

संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या या ऑपेराची तयारी करायची तर पहिलं काम म्हणजे हेन्‍री जेम्सची मूळ गोष्ट वाचून काढणं. १८९८ची छोटी कादंबरी आहे, पण वाक्यं लांबलचक, त्यामुळे दोन-तीन बैठका धराव्यात. ब्लाय नावाच्या आडबाजूच्या हवेलीत दोन पोरक्या मुलांना सांभाळायला आलेल्या गव्हर्नेसला मेलेला नोकर क्विंट आणि आधीची गव्हर्नेस मिस जेसेल दिसू लागतात. खरंच दिसतात की हिलाच भास होतात, यावर वाचक आजही भांडतात. तुम्हीही आपलं मत ठरवून टाका, म्हणजे ऑपेरात ते डळमळताना मजा येईल.

कारण बेंजामिन ब्रिटनची भुतं गातात. मिफान्वी पायपरने लिहिलेली संहिता मिळवा आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला खूण करून ठेवा. तिथे क्विंट आणि जेसेल एकमेकांशी भांडतात. गव्हर्नेस तेव्हा आसपासही नसते. मग भास कोणाला होतोय? मला हा प्रवेश आधी खटकायचा, आता तोच सगळ्यात आवडतो.

मग कानांची तयारी, आणि इथे घाई नको. वादक फक्त तेरा. सुरुवातीचं निवेदन नुसत्या पियानोवर होतं आणि लगेच ‘स्क्रू’ची मुख्य धून येते: पेटीवरचे बाराही स्वर, प्रत्येक एकदाच. पुढे दर प्रवेशाआधी तिचंच नवं रूप वाजतं, अशी पंधरा. घरी पेटी असेल तर काढाच. पहिला अंक पांढरी सहापासून चढत काळी चारला पोचतो, दुसरा तिथून फिरून परत पांढरी सहाला येतो. क्विंटसोबत चेलेस्टाची, म्हणजे घंट्यांसारख्या आवाजाच्या छोट्या कळवाद्याची, किणकिण येते, ती ओळखून ठेवा. पहिल्या अंकाच्या शेवटी क्विंट त्या दोन मुलांपैकी माइल्सला हाक मारतो तेव्हा आपल्या कानाला सरळ आलापच वाटतो. लॅटिनच्या धड्यातलं माइल्सचं ‘मालो’ हे गाणंही दोनदा ऐका. का, ते शेवटी कळेल.

ध्वनिमुद्रण निवडायचं तर डेक्का कंपनीचं १९५५चं, ब्रिटनच्याच संचालनाखालचं. १४ सप्टेंबर १९५४ला व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, त्यातलेच गायक यात आहेत. माइल्स गाणारा डेव्हिड हेमिंग्ज पुढे सिनेमात नट म्हणून गाजला.

प्रयोगाच्या दिवशी उशीर अजिबात नको. निवेदन चुकलं तर मुख्य धूनही हमखास हुकते. मध्यंतर सोडून पावणेदोन तास धरा. आणि रंगमंचावर मुलं आहेत, बडबडगीतं आहेत, म्हणून घरातल्या लहानग्यांना सोबत नेऊ नका. क्विंटने या मुलांचं नेमकं काय केलं हे कोणी उघड सांगत नाही, आणि परतीच्या वाटेवर ते नेमकं तेच विचारतील.